छात्रसैनिकांचे बिनतारी संदेशवहन : प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि परवाना

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात उसळलेल्या त्सुनामी लाटांनी अंदमान-निकोबार बेटांना तडाखा दिला आणि तेथील दूरध्वनी यंत्रणा ठिकठिकाणी कोलमडली. त्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओचालकांचे एक पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होते. जगभरातील हौशी केंद्रांशी संपर्क साधण्याच्या मोहिमेवर हे पथक आले होते. लाटा ओसरताच त्यांनी मोहीम बाजूला ठेवली आणि आपले बिनतारी संच मदतकार्यासाठी जोडले. बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील नातलगांना कळू लागली, ती या लहरींवरून. २००१ च्या भुज भूकंपातही परवानाधारक हौशी चालकांनी असेच काम केले होते.

या दोन्ही प्रसंगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. आपत्ती आल्यावर संच विकत आणता येतो; तो चालविणारा माणूस मात्र आधीच तयार असावा लागतो. हा माणूस तयार करण्याचे एक साधन देशात शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचलेले आहे, ते म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना. छात्रसेनेत बिनतारी संदेशवहनाचे धडे दिले जातात. तथापि हे धडे, त्यांवर मिळणारे प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष लहरींवर बोलण्याचा कायदेशीर परवाना या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याची कल्पना पुष्कळ विद्यार्थ्यांना व पालकांना नसते. प्रस्तुत लेखात या तिन्हींची क्रमाने ओळख करून दिली आहे.

छात्रसेनेची रचना

पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी १५ जुलै रोजी ही संघटना अस्तित्वात आली. तिचे भूदल, नौदल व हवाईदल असे तीन विभाग आहेत. शाळेतील मुलांसाठी कनिष्ठ आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी वरिष्ठ गट असतो. मुलींसाठी या दोन्ही स्तरांवर स्वतंत्र शाखा आहेत.

शालेय गटातील दोन वर्षांचे प्रशिक्षण पूर्ण करणारा छात्र ‘ए’ प्रमाणपत्राच्या परीक्षेस बसतो. महाविद्यालयीन गटात आधी ‘बी’ आणि त्यानंतर ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा असते. परीक्षेस बसण्यासाठी कवायतीच्या तासांना ठरावीक हजेरी आणि शिबिरातील सहभाग आवश्यक असतो. परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दोन्ही प्रकारची असते. ‘सी’ प्रमाणपत्र हे यांपैकी सर्वोच्च होय. लष्कराच्या भरतीत प्रमाणपत्रधारकांना अतिरिक्त गुणांची सवलत मिळते, तर आवश्यक श्रेणीचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्या पदवीधरांना विशेष प्रवेश योजनेखाली लेखी परीक्षा न देता थेट सेवा निवड मंडळापुढे मुलाखतीस जाता येते.

संदेशवहन हा या प्रशिक्षणातील एक घटक आहे. त्याचे वेगळे प्रमाणपत्र सर्वसाधारण छात्राला मिळत नाही. छात्रसेनेत सिग्नल शाखेची काही खास तांत्रिक युनिटेही आहेत. तेथील छात्रांना या विषयाचा अधिक सखोल परिचय होतो. मात्र अशी युनिटे मोजक्याच ठिकाणी असल्याने बहुसंख्य छात्रांची या विषयाशी ओळख पायदळाच्या नेहमीच्या बटालियनमधील तासांतूनच होते.

अभ्यासक्रमात काय शिकवितात?

संदेशवहनाची साधने कोणती, येथून सुरुवात होते. निरोप्या, तारेचा दूरध्वनी आणि बिनतारी संच ही तीन साधने व त्यांचे गुणदोष छात्राने सांगता आले पाहिजेत. निरोप्याला वेळ लागतो, परंतु त्याच्यापाशी नकाशा किंवा लेखी कागद देता येतो. तार टाकण्यास श्रम पडतात व ती तुटू शकते. मात्र तिच्यावरील बोलणे सहजासहजी चोरून ऐकता येत नाही. बिनतारी संच चालत्या तुकडीबरोबर नेता येतो आणि एकाच वेळी अनेकांशी बोलता येते. त्याचा दोष असा, की मित्राप्रमाणेच शत्रूलाही ते बोलणे ऐकू जाते. गोपनीयतेची सवय छात्राला पहिल्या तासापासून का लावली जाते, याचे कारण या एका दोषात आहे.

त्यानंतर वॉकीटॉकीची ओळख, तिचा पल्ला, बॅटरीची निगा आणि बोलण्याची पद्धत हे भाग येतात. भ्रमणध्वनी, वाय-फाय व इंटरनेटवर आधारित नव्या साधनांचाही अभ्यासक्रमात समावेश आहे.

काही शिक्षण बिनसंचाचेही असते. थल सैनिक शिबिरातील स्पर्धांत अंतराचा अंदाज घेणे व हाताच्या खुणांनी संदेश देणे हा एक प्रकार असतो. ‘थांबा’, ‘पुढे चला’, ‘झोपा’, ‘शत्रू दिसला’ अशा आज्ञा आवाज न करता द्यायच्या असतात. नौदल विभागातील छात्रांना दोन झेंड्यांच्या साह्याने अक्षरे दाखविण्याची सेमाफोर पद्धत शिकविली जाते आणि नौसैनिक शिबिरात तिची स्पर्धा होते. उपग्रहाच्या काळात झेंडे कशाला, असा प्रश्न विचारला जातो. अक्षरामागून अक्षर न चुकता पाठविणे आणि समोरच्याला समजले की नाही याची खात्री करणे, ही शिस्त साधन बदलले तरी तीच राहते, हे त्याचे उत्तर होय.

बोलण्याची शिस्त

या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे रेडिओ टेलिफोनीची कार्यपद्धती. दूरध्वनीवर दोघांना एकाच वेळी बोलता व ऐकता येते. साध्या बिनतारी संचावर ते शक्य नसते. एकाने कळ दाबली की त्या वाहिनीवरील इतर सर्वांनी गप्प बसावे लागते. दोघांनी एकदम कळ दाबली, तर कोणाचेच बोलणे धड पोहोचत नाही. म्हणून कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत बोलावे याचे नियम ठरलेले आहेत.

पहिला नियम ऐकण्याचा. वाहिनी मोकळी आहे याची खात्री झाल्याखेरीज कळ दाबू नये. दुसरा नियम विचाराचा. काय सांगायचे ते आधी मनाशी जुळवावे, लांब असल्यास कागदावर लिहावे. तिसरा नियम कळ दाबल्यावर क्षणभर थांबण्याचा. संच प्रक्षेपणाच्या स्थितीत येण्यास किंचित वेळ लागतो आणि घाई केल्यास पहिला शब्द गिळला जातो. तो पहिला शब्द बहुधा ज्याला हाक मारली त्याचे नाव असते, त्यामुळे संपूर्ण हाकच वाया जाते.

आवाजाच्या बाबतीत चार गोष्टी सांभाळायच्या असतात : लय, वेग, आवाजाची पातळी आणि पट्टी. वाक्याचे अर्थपूर्ण तुकडे पाडून बोलावे. ऐकणारा लिहून घेत आहे हे ध्यानात ठेवून वेग कमी ठेवावा. ओरडू नये, कारण ओरडल्याने आवाज मोठा न होता फाटतो. पट्टी नेहमीपेक्षा किंचित वरची ठेवावी, म्हणजे खरखरीतूनही शब्द उमटतात.

हाक मारताना आधी समोरच्याचे सांकेतिक नाव आणि मग स्वतःचे, असा क्रम असतो. शिबिरातील एका साध्या संभाषणावरून हे स्पष्ट होईल :

‘कंट्रोल, धिस इज टू. मेसेज. ओव्हर.’

‘टू, धिस इज कंट्रोल. सेंड. ओव्हर.’

‘धिस इज टू. पुलाजवळ पोहोचलो. एक छात्र जखमी. स्ट्रेचर हवे. ओव्हर.’

‘धिस इज कंट्रोल. पुलाजवळ. एक जखमी. स्ट्रेचर हवे. पाठवीत आहे. वेट. आउट.’

या चार वाक्यांत कार्यपद्धतीचा बराचसा भाग आला आहे. ‘ओव्हर’ म्हणजे माझे बोलणे झाले, आता उत्तराची अपेक्षा आहे. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपले, उत्तर नको. चित्रपटांत ऐकू येणारे ‘ओव्हर अँड आउट’ हे म्हणूनच चुकीचे ठरते. उत्तर हवेही आणि नकोही, असा त्याचा अर्थ होतो. ‘रॉजर’ म्हणजे ‘होय’ नव्हे. संदेश पूर्ण मिळाला एवढाच त्याचा अर्थ. मिळालेल्या आज्ञेचे पालन करीन असे सांगायचे असेल तर ‘विल्को’ म्हणावे. ऐकू आले नाही, तर ‘से अगेन’ म्हणावे. त्याऐवजी ‘रिपीट’ म्हणण्याची सवय लष्करी पद्धतीत मोडून काढली जाते, कारण तोफखान्याच्या परिभाषेत त्या शब्दाचा अर्थ पुन्हा तोच मारा करा असा आहे.

शेवटच्या उत्तरात नियंत्रण केंद्राने संदेश जसाच्या तसा परत वाचून दाखविला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. जखमींची संख्या, ठिकाण आणि मागणी या तीन गोष्टींत चूक झाली तर मदत भलतीकडे जाते. ती चूक पकडण्याची ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची रीत आहे.

अक्षरे आणि अंक

खरखरीत ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ ही इंग्रजी अक्षरे एकसारखीच ऐकू येतात. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द ठरलेला आहे : अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, हॉटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लिमा, माइक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, क्युबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यांकी, झुलू. ही वर्णमाला निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांवर चाचण्या घेऊन ठरविण्यात आली आणि १९५६ पासून नागरी विमानवाहतुकीत रूढ झाली. लष्कर, नौदल, विमानतळ व हौशी रेडिओ या सर्वत्र आज तीच वापरली जाते.

अंक एकेक करून सांगायचे असतात. ‘पंधराशे’ असे न म्हणता ‘एक, पाच, शून्य, शून्य’ असे म्हणावे. इंग्रजी अंकांतील ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांत घोटाळा होतो, म्हणून नऊसाठी ‘नाइनर’ म्हणण्याची पद्धत आहे. मराठीतही ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतील गोंधळ सर्वांच्या परिचयाचा आहे. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने सांगतात. हौशी रेडिओत जागतिक समन्वित वेळ वापरली जाते. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. दुपारी अडीच वाजता झालेल्या संपर्काची नोंद त्या पद्धतीने शून्य नऊ शून्य शून्य अशी होते.

लहरींचे गणित

कार्यपद्धतीबरोबरच थोडे विज्ञानही लागते. रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. ३०० या संख्येस मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले, की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४५ मेगाहर्ट्‌झला ती सुमारे २ मीटर येते. या लहरीसाठी अर्ध्या लांबीची द्विध्रुव ॲन्टेना करायची, तर तार साधारण ९८ सेंटिमीटर लागते. ७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास हीच लांबी २० मीटरवर जाते. खिशात मावणारा संच आणि दोन झाडांमध्ये तार बांधावी लागणारा संच यांतील फरक असा या एका भागाकारातून उलगडतो.

२ मीटरच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात; डोंगर आड आला की अडतात. सह्याद्रीत पदभ्रमण करणाऱ्या छात्रांना याचा अनुभव पदोपदी येतो. दरीत उतरल्यावर शेजारच्या वाडीशी संपर्क होत नाही आणि माथ्यावर चढताच दूरचे केंद्र स्पष्ट ऐकू येते. रेडिओ क्षितिजाचे अंतर काढण्याचे एक ढोबळ सूत्र आहे. ॲन्टेनाची मीटरमधील उंची घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून त्यास ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. सिंहगड पुणे शहराच्या पातळीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, असे धरल्यास हे अंतर ११० किलोमीटरच्या पुढे जाते. मैदानात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील, दीड मीटर उंचीवरील संचासाठी ते जेमतेम ५ किलोमीटर भरते. संपर्क तुटल्यास संचाला दोष देण्यापूर्वी जागा बदलून पाहावी, हा प्रशिक्षकांचा सल्ला या आकड्यांवर उभा आहे.

याउलट ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील लहरी वातावरणाच्या वरच्या आयनांबर थरावरून परावर्तित होऊन शेकडो ते हजारो किलोमीटर अंतर कापतात. अंदमानातून मुख्य भूमीशी बोलणे शक्य झाले, ते याच गुणधर्मामुळे.

प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे

छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र हाती असले, तरी त्या बळावर स्वतःचा बिनतारी संच बाळगता किंवा चालविता येत नाही, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. शिबिरात छात्र जो संच हाताळतो, तो लष्कराच्या किंवा संघटनेच्या अधिकाराखाली आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली असतो. शिबिर संपले की तो अधिकारही संपतो.

भारतात बिनतारी साधनांवर नियंत्रण ठेवणारे मूळ कायदे १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा हे होत. त्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून, २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. लहरींचे वाटप आणि परवाने यांचे काम केंद्रीय दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा पाहते. अत्यल्प शक्तीच्या काही साधनांना ठरावीक पट्ट्यात परवान्यातून सूट आहे. परंतु बाजारात मिळणारी प्रत्येक वॉकीटॉकी त्या सवलतीत बसत नाही.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीबद्दल अनेक ई-वाणिज्य कंपन्यांना नोटिसा बजावल्या आणि त्यानंतर अशा विक्रीबाबत मार्गदर्शक तत्त्वेही जारी झाली. संच कोणत्या वारंवारतेवर चालतो आणि त्यास परवाना लागतो किंवा नाही, याची माहिती ग्राहकास दिली जात नव्हती, हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. शिबिरातून उत्साहाने परतलेला आणि वाढदिवसाच्या पैशांतून स्वस्तातला संच मागविणारा एखादा विद्यार्थी अजाणतेपणी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. पोलीस, विमानतळ किंवा अग्निशमन दलाच्या वाहिनीवर त्याचा आवाज गेला, तर प्रश्न दंडापुरता राहत नाही. एखादा खरा संदेश त्याखाली दबू शकतो.

हौशी परवान्याची वाट

ज्या विद्यार्थ्यास स्वतःच्या नावाने लहरींवर बोलायचे आहे, त्याच्यासाठी हौशी केंद्रचालक प्रमाणपत्राची परीक्षा आहे. हौशी रेडिओचालकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. या परीक्षेची रचना १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी घालून दिली. पूर्वी पाच प्रकारच्या श्रेणी होत्या. २००५ च्या दुरुस्तीने त्या कमी करून ‘मर्यादित’ आणि ‘सर्वसाधारण’ अशा दोनच ठेवण्यात आल्या. किमान वय १२ वर्षे आहे, म्हणजे सातवी-आठवीतील मुलगा किंवा मुलगीही परीक्षेस बसू शकते.

लेखी परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्यात रेडिओचे तत्त्व व व्यवहार म्हणजे विद्युतप्रवाह, रोध, धारित्र, ॲन्टेना, लहरींचे प्रसारण, संचाची अंगे असे विषय येतात. शालेय विज्ञानाचा पाया पक्का असलेल्यास ते जड जात नाहीत. दुसरा भाग नियमांचा. कोणत्या पट्ट्यात बोलावे, सांकेतिक नाव केव्हा उच्चारावे, नोंदवही कशी ठेवावी, कोणते बोलणे निषिद्ध आहे, हे त्यात विचारतात. मर्यादित श्रेणीसाठी प्रत्येक भागात किमान ४० टक्के व एकूण ५० टक्के गुण लागतात. सर्वसाधारण श्रेणीची गुणमर्यादा याहून वरची असून, तिच्यासाठी मोर्स लिपीत मिनिटाला ८ शब्द या वेगाने संदेश पाठविण्याची व घेण्याची चाचणीही असते. मर्यादित परवानाधारकास ५० वॉटपर्यंत, तर सर्वसाधारण परवानाधारकास ४०० वॉटपर्यंत शक्तीचा संच वापरता येतो.

अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ या संकेतस्थळावरून करावा लागतो. महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी मुंबई व नागपूर ही परीक्षेची परिचयाची केंद्रे आहेत. उत्तीर्ण झाल्यावर परवान्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी झाल्यानंतर सांकेतिक नाव मिळते. भारतीय हौशी केंद्रांची नावे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. त्यापुढील २ हा अंक सर्वसाधारण आणि ३ हा मर्यादित श्रेणीचा निदर्शक आहे. परीक्षा उत्तीर्ण होण्यापासून परवाना हाती पडेपर्यंत काही महिने जाऊ शकतात. तोपर्यंत ऐकण्यावरच समाधान मानावे लागते. नव्या कायद्यानुसार नियमांची फेरमांडणी होत असल्याने अर्जापूर्वी विभागाची ताजी अधिसूचना व शुल्क पाहून घेणे हिताचे ठरते.

हौशी परवान्याच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. या लहरींवर व्यापार करता येत नाही, गाणी वाजविता येत नाहीत आणि अर्थ लपविणारी सांकेतिक भाषा वापरता येत नाही. दुसऱ्यांचे निरोप पोहोचविण्यावरही निर्बंध आहेत. आपत्कालीन मदतकार्याचा अपवाद मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनीही मान्य केला आहे.

मार्गदर्शनासाठी ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ ही राष्ट्रीय संस्था, हैदराबादची राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था आणि मुंबई अमॅच्युअर रेडिओ सोसायटीसारखी स्थानिक मंडळे आहेत. परवाना मिळालेल्यांना अवकाशाची दारेही खुली होतात. इस्रोने ५ मे २००५ रोजी ‘हॅमसॅट’ हा खास हौशी चालकांसाठीचा उपग्रह सोडला होता आणि तो २०१४ पर्यंत कार्यरत राहिला. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर असलेले भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी हौशी रेडिओवरूनच भारतातील विद्यार्थ्यांशी संवाद साधला.

मोर्स अजून कशासाठी?

देशातील तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. जागतिक पातळीवरही हौशी परवान्यासाठी मोर्सची सक्ती २००३ मध्ये उठली आणि अमेरिकेने २००७ मध्ये ती पूर्णपणे रद्द केली. तरीही मोर्सचे आकर्षण ओसरलेले नाही, याचे कारण तांत्रिक आहे. मोर्सचा संदेश अतिशय अरुंद पट्ट्यात मावतो. त्यामुळे ज्या कमकुवत लहरीवर मानवी आवाज ओळखू येत नाही, तेथेही टिंब आणि रेघ कानाला वेगळी काढता येते. बॅटरी संपत आलेल्या केंद्रासाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो. शिकणाऱ्याने टिंबे-रेघा डोळ्यांनी पाठ न करता प्रत्येक अक्षराचा नाद कानाने ओळखावा, असे जाणकार सांगतात.

परदेशातील पद्धत

ब्रिटनमध्ये १९४१ मध्ये स्थापन झालेल्या ‘एअर ट्रेनिंग कोअर’मध्ये कौशल्यांची विभागणी निळा, कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा पायऱ्यांत केलेली आहे आणि रेडिओ हा त्यांतील एक विषय आहे. प्रत्येक पायरीला गणवेशावर लावण्याचा बिल्ला मिळतो. तेथील हौशी परवान्यासही फाउंडेशन, इंटरमीजिएट व फुल अशा तीन पायऱ्या असून किमान वयाची अट नाही. अमेरिकेतील ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ या संघटनेत छात्रांनी संचाला हात लावण्यापूर्वी संदेशवहनाचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करावे, असा दंडक आहे. या दोन्ही देशांत रेडिओचे कौशल्य स्वतंत्रपणे मोजले व नोंदले जाते. आपल्याकडील छात्राच्या प्रमाणपत्रावरून तो संच चालवू शकतो किंवा नाही, हे कळण्याची सोय नाही.

पुढील संधी

या विषयाची गोडी लागलेल्यांना अनेक दिशा मोकळ्या आहेत. लष्कराची सिग्नल कोअर १५ फेब्रुवारी १९११ रोजी उभी राहिली. ‘तीव्र चौकस’ हे तिचे बोधवाक्य आहे. तिच्या जवानांची प्रशिक्षण केंद्रे जबलपूर व गोवा येथे असून महू येथे दूरसंचार अभियांत्रिकीचे लष्करी महाविद्यालय आहे. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांना विमानातील रेडिओ वापरण्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. पूर्वी हे काम दूरसंचार विभागाकडे होते. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ते नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे सोपविले. व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्यांसाठी जागतिक सागरी संकट व सुरक्षा प्रणालीचे चालक प्रमाणपत्र असते. या सर्व परीक्षांत वर्णमाला, हाक मारण्याची रीत आणि संदेश परत वाचण्याची सवय हाच पाया असतो. छात्रसेनेत तो घातला गेलेला असेल, तर पुढील अभ्यास निम्म्याने हलका होतो.

दोन्ही वाटा जोडाव्यात

छात्रसेनेकडे मनुष्यबळ आहे, शिस्त आहे आणि खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोहोचलेले जाळे आहे. मात्र तिच्या प्रशिक्षणात परवाना नाही. हौशी रेडिओकडे परवाना आणि तांत्रिक ज्ञान आहे. मात्र त्याच्या चालकांची संख्या देशाच्या मानाने फारच अल्प आहे. एखाद्या महाविद्यालयाने आपल्या छात्रांपैकी दहा जणांना ‘बी’ प्रमाणपत्राच्या तयारीबरोबरच मर्यादित श्रेणीच्या परीक्षेस बसविले, जवळच्या हौशी मंडळाकडून आठवड्यातून एक तास मार्गदर्शन घेतले आणि परवानाधारक प्राध्यापकाच्या देखरेखीखाली मंडळाचे केंद्र उघडले, तर दोन वर्षांत त्या तालुक्याला स्वतःचे चालक मिळू शकतील. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही; परीक्षा आहे, अभ्यासक्रम आहे आणि वयाची अटही अनुकूल आहे.

पावसाळ्यात कोकणातील घाट बंद पडतात, कृष्णा-पंचगंगेला पूर येतो, वीज जाते आणि त्यापाठोपाठ भ्रमणध्वनीचे मनोरेही मुके होतात. अशा रात्री गावातील कोणाला तरी संच कसा जोडावा, कोणत्या पट्ट्यात हाक मारावी आणि तीन वाक्यांत काय सांगावे, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. ते शिकविण्यास आठवी-नववीतील विद्यार्थी पुरेसा मोठा असतो. कायद्यानेही त्यास तसे मानले आहे.